दोरीशिवाय भुलभुलैया

२९ ऑक्टोबर २०१२च्या रात्री सॅंडी वादळानं हडसन नदी मॅनहॅटनच्या पश्चिम काठावर चढवली. काठालगतच्या एका जुन्या, अवाढव्य इमारतीच्या तळघरात पाणी शिरलं. त्या तळघरात एका नृत्यसंस्थेचं नेपथ्य आणि कपडेपट ठेवलेला होता. भाग अंधारात, पंप बंद, त्यामुळे सामान कित्येक दिवस पाण्यातच राहिलं. लाकडी सांगाडे, दोऱ्या, रंगवलेले आकार, घडी घालून ठेवलेले झगे. यातलं बरंचसं ग्रीक पुराणकथांवर रचलेल्या नृत्यांसाठी घडवलेलं होतं.

संस्था म्हणजे मार्था ग्रॅहम डान्स कंपनी, अमेरिकी नृत्यरचनाकार मार्था ग्रॅहम यांनी उभी केलेली. पुढच्या फेब्रुवारीत तिचा न्यूयॉर्कमधला हंगाम होता आणि त्याचं सूत्र होतं ‘पुराणकथा आणि रूपांतर’. पुराणकथांचा हंगाम तोंडावर आणि पुराणकथांचं सामान पाण्याखाली, असा तो पेच.

संस्थेतल्या माणसांना इथे हुद्द्यानंच ओळखू, नावं लागणार नाहीत. कलाकृती आणि त्यांच्या कर्त्यांची नावं मात्र सार्वजनिक आहेत, ती जशीच्या तशी येतील. मला यातल्या एकाच नृत्याचं, ‘एरंड इंटू द मेझ’चं, काय झालं ते सविस्तर सांगायचं आहे, कारण बाकी सगळे निर्णय त्या एका निर्णयात दिसतात.

पार्श्वभूमी

ग्रॅहमबाईंनी १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये आपला पहिला स्वतंत्र कार्यक्रम केला. बॅले शरीराला जमिनीपासून वर उचलू पाहतो, तर बाईंनी अनवाणी पायांनी जमीन धरली. श्वास सोडताना पोट आत ओढलं जातं, पाठीला बाक येतो. श्वास घेताना धड पुन्हा उघडतं. या साध्या गोष्टीतून त्यांनी एक अख्खी नृत्यभाषा उभी केली. तिला तालमीत सगळे ‘कॉन्ट्रॅक्शन-रिलीज’ म्हणतात आणि मीही तेच म्हणेन. ‘आकुंचन-प्रसरण’ म्हटलं की शाळेतला धातूच्या गोळ्याचा प्रयोग डोळ्यांपुढे येतो.

१९३० आणि १९४०च्या दशकांत त्यांची बरीच गाजलेली नृत्यं अमेरिकेच्या मातीवरची होती. मग १९४६-४७च्या दोन हंगामांत, पन्नाशी ओलांडलेल्या असताना, त्यांनी तीन ग्रीक कथा लागोपाठ हाताळल्या. १० मे १९४६ रोजी कोलंबिया विद्यापीठाच्या नाट्यगृहात मीडिया आली, ग्रीक कथेतली, नवऱ्यानं टाकल्यावर सूड घेणारी सूर्याची नात. ते नृत्य पुढे ‘केव्ह ऑफ द हार्ट’ या नावानं ओळखलं गेलं. संगीत सॅम्युएल बार्बर यांचं. २८ फेब्रुवारी १९४७ला ‘एरंड इंटू द मेझ’, संगीत जान कार्लो मेनोत्ती. त्याच वर्षी ३ मे रोजी ‘नाईट जर्नी’, संगीत विल्यम शूमन. तिन्हींचं नेपथ्य शिल्पकार इसामू नोगुची यांचं.

कथा ओळखीच्या, पण उभं राहायची जागा बदललेली. ‘नाईट जर्नी’ ही ईडिपसची गोष्ट आहे, पण ती घडते जोकास्टाच्या, म्हणजे त्याच्या आईच्या आणि नकळत झालेल्या बायकोच्या, डोक्यात. हातात दोरी घेऊन ती जीव द्यायला उभी आहे आणि त्या क्षणापासून मागे वळून सगळं आठवते: पती म्हणून आलेला मुलगा, मुलगा म्हणून आठवणारा पती. ती दोरी आधी फास असते, मग दोघांना गुंडाळणारी नाळ होते. ईडिपस मराठी रंगभूमीला नवा नाही, पण आपल्याकडच्या प्रेक्षकाला तो बहुतेक राजाच्या बाजूनं माहीत आहे. डोळे फोडून घेतो तो लक्षात राहतो, आत गळफास घेते ती पडद्याआड जाते. ग्रॅहमबाईंनी पडदा बाजूला केला.

‘एरंड’मध्ये तर त्यांनी नायकच काढून टाकला. (इंग्रजी ‘एरंड’ म्हणजे सोपवलेलं काम, कामगिरी. देवनागरीत लिहिलं की एरंडेल आठवतं, त्याला इलाज नाही.) मूळ कथा अशी. क्रीटच्या राजा मिनॉसनं अर्धा बैल आणि अर्धा माणूस असलेल्या मिनोटॉरला एका भुलभुलैयात कोंडलं होतं. थीसियस त्याला मारायला आत शिरतो आणि राजकन्या ॲरिॲड्नीनं दिलेल्या सुताच्या गुंड्याच्या आधारानं बाहेर येतो. मराठीत अशा जागेला आपण सहज ‘चक्रव्यूह’ म्हणून जातो, पण चक्रव्यूह ही माणसांची रचना असते आणि अभिमन्यूकडे सूत नव्हतं. म्हणून मी ‘भुलभुलैया’च म्हणतो.

ग्रॅहमबाईंच्या रचनेत थीसियस नाही. सूत देणारी बाई स्वतःच आत जाते. आत जो आहे त्याला त्यांनी ‘भीतीचा प्राणी’ म्हटलं. सुमारे पंधरा मिनिटांचं नृत्य, दोनच माणसं. १९४७मध्ये ती होती स्वतः ग्रॅहम आणि मार्क रायडर. तीनदा तो तिच्यासमोर येतो, तिसऱ्यांदा ती त्याला पाडते आणि बाहेर येते.

आता नोगुचींनी या कथेला काय दिलं ते पाहू. जमिनीवर वळणं घेत टाकलेली एक लांब दोरी. तिच्या टोकाला इंग्रजी ‘व्ही’सारखा दुभंगलेला एक उभा आकार: झाडाची बेचकी म्हणा, ओटीपोटाचं हाड म्हणा, दार म्हणा. बाई दोरीच्या मागावर पावलं टाकत आत जाते. प्राण्याला अडवायला तीच दोरी बेचकीत आडवीतिडवी विणून दार बंद करते. शेवटी ती वीण सोडवते आणि दारात उभी राहते. प्राण्याच्या खांद्यांवर एक आडवा दांडा असतो आणि त्यावरून त्याचे दोन्ही हात अडकवलेले असतात. उड्या मारायच्या, झडप घालायची, पण हातांचा उपयोग शून्य. बैलाच्या मानेवरचं जू पाहिलेल्या आपल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नाही: भीती स्वतःच जुंपलेली आहे.

नोगुची आणि दोरी हे नातं जुनं होतं. १९३५च्या ‘फ्रंटियर’ या ग्रॅहमबाईंबरोबरच्या पहिल्या कामात त्यांनी मंचावर एक कुंपण आणि तिथून वर कोपऱ्यांकडे गेलेल्या दोन दोऱ्या एवढंच ठेवलं होतं. अख्खं मोकळं माळरान तेवढ्यात उभं राहिलं.

मालकीचा तंटा

पार्श्वभूमीचा दुसरा भाग कोर्टातला आहे. तो थोडक्यात सांगतो, पण वगळता येत नाही.

ग्रॅहमबाई १ एप्रिल १९९१ रोजी वारल्या. मृत्युपत्रानं त्यांची मालमत्ता एका निकटवर्तीयाकडे गेली. पुढे संस्था आणि तो वारसदार यांचं बिनसलं. २०००च्या मे महिन्यात पैशाअभावी संस्थेनं काम थांबवलं. नृत्यं कोणाची, हा प्रश्न न्यायालयात गेला. ऑगस्ट २००२मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयानं वादातल्या ७० रचनांची विभागणी केली: ४५ संस्थेच्या, १ वारसदाराची, १० सार्वजनिक मालकीच्या, ५ ज्यांनी रचून घेतल्या त्यांच्या, आणि ९ रचनांबाबत कुणालाच मालकी सिद्ध करता आली नाही. २००४मध्ये अपिलात निकालाचा बराचसा भाग टिकला.

म्हणजे या संस्थेनं पुराच्या दहा वर्षं आधीच एक गोष्ट लढून मिळवली होती: नृत्य करण्याचा हक्क. त्या काळात न्यायालयात जी चर्चा झाली ती हालचालींच्या मालकीची, हाताला न लागणाऱ्या गोष्टीची. २०१२मध्ये गेलं ते नेमकं हाताला लागणारं.

पूर

इमारतीचं नाव वेस्टबेथ. ती पूर्वी बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या संशोधनशाळेची होती. १९७०पासून तिथे कलावंतांची घरं आणि स्टुडिओ आहेत. अकराव्या मजल्यावर नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम यांचा स्टुडिओ होता. एकेकाळी ते ग्रॅहमबाईंच्याच मंडळीत नाचलेले. त्यांची कंपनी २०११च्या अखेरीस बंद झाली आणि २०१२मध्ये ग्रॅहम कंपनी त्या जागी आली. स्वतःची इमारत हातातून गेल्यानंतर अखेर एक कायमची जागा मिळाली होती. तालमी अकराव्या मजल्यावर, सामान तळघरात.

तळघर का, याचं उत्तर नाटकाचा टेम्पो भरलेल्या कुणालाही ठाऊक आहे. नेपथ्य मोठं असतं, वर्षातून मोजक्या दिवशी लागतं, आणि शहरात जागेचं भाडं चौरस फुटावर मोजलं जातं. स्वस्त जागा म्हणजे खालची जागा. आपल्याकडेही गोदामात भिजलेले फ्लॅट (नेपथ्याच्या रंगवलेल्या चौकटी) आणि बुरशी धरलेले शालू हा पावसाळ्यातला नेहमीचा विषय आहे. फरक एवढाच की आपले फ्लॅट पुढच्या प्रयोगाआधी सुतार नवे ठोकतो. इथे सुताराच्या जागी नोगुची होते आणि ते १९८८मध्ये गेले होते.

वादळाची सूचना अचानक आलेली नव्हती. २८ ऑक्टोबरला महापौरांनी सखल किनारी पट्टा रिकामा करण्याचा आदेश दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळलं, भरतीची वेळ जुळली आणि मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला पाण्याची पातळी १४ फुटांच्या घरात गेली. चौदाव्या रस्त्यालगतच्या वीज उपकेंद्रात स्फोट होऊन बेटाचा खालचा भाग चार-पाच दिवस काळोखात बुडाला.

इथे पहिला निर्णयाचा क्षण होता आणि तो वादळाआधीचा होता: २८ तारखेला काय वर न्यायचं? माणसं सुरक्षित जागी हलवायची असताना लाकडी शिल्पं अकरा मजले चढवणं कुणाच्या यादीत नसतं, आणि नसावंही. पण कपड्यांच्या पेट्या? त्या दोन माणसं उचलतात. हा प्रश्न वादळाच्या दिवशी विचारून उपयोग नसतो, तो जागा ताब्यात घेताना विचारायचा असतो.

नेमकं काय बिघडलं

पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे. हडसनच्या मुखाशी नदीत समुद्राचं खारं पाणी मिसळलेलं असतं. त्यात रस्त्यावरचं तेल आणि गटारं येऊन मिळतात. लाकूड फुगतं, सांधे निखळतात, रंग पापुद्र्यांसारखा सुटतो. मीठ पितळ आणि लोखंड खातं. कापडाचा रंग शेजारच्या कापडाला लागतो, लोकर आटते. दीड-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते आणि इथे तर तळघर त्याहून कितीतरी अधिक काळ ओलं होतं.

पण खरी अडचण वेगळीच होती. बहुतेक नृत्यांत नेपथ्य मागे उभं असतं. ग्रॅहम-नोगुची जोडीत ते नाचतं. ‘केव्ह ऑफ द हार्ट’च्या शेवटी मीडिया पितळी तारांच्या झाडासारख्या सांगाड्यात शिरते आणि तो अंगावर घेऊन मंचभर फिरते. तारा थरथरतात, त्यांवर प्रकाश चमकतो; सूर्याच्या नातीनं आजोबांचा रथ अंगावर चढवावा तसं. तिथे तारा काढून घेतल्या तर शेवटच उरत नाही. ‘नाईट जर्नी’मधला पलंग झोपण्यालायक नाही, हाडांच्या दोन आकृत्या कलत्या ठेवल्यासारखा आहे. नर्तकांना त्याच्या उतारानुसार वजन टाकावं लागतं. नेपथ्याचा उतार दोन अंशांनी बदलला तर पाय बदलतात.

‘एरंड’मध्ये हा पेच सर्वांत तीव्र. कारण तिथे दोरी ही वस्तू आहे, नकाशा आहे आणि कथाही आहे.

समोरच्या वाटा

अशा वेळी कोणत्याही नृत्यसंस्थेपुढे ठरावीक वाटा असतात. त्या एकेक करून पाहिल्या की कळतं, सोपी एकही नव्हती.

हंगाम पुढे ढकलणं. नाट्यगृहाच्या तारखा एकदा सोडल्या की वर्षभर मिळत नाहीत. शिवाय जी संस्था २०००मध्ये बंद पडून पुन्हा उभी राहिली तिनं पुन्हा ‘तूर्त बंद’ची पाटी लावणं म्हणजे देणगीदारांना जुनी आठवण करून देणं.

विषय बदलून नेपथ्य न लागणारी नृत्यं घेणं. ती संस्थेकडे आहेत. १९३०चं ‘लॅमेंटेशन’ हे एकल नृत्य एका बाकावर आणि ताणल्या जाणाऱ्या नळीसारख्या एका जांभळ्या कापडात होतं. १९४८चं ‘डायव्हर्जन ऑफ एंजल्स’ तर मोकळ्या मंचावर चालतं. आणि त्याची गंमत पाहा: त्यालाही नोगुचींनी आधी नेपथ्य केलं होतं, पण पहिल्या प्रयोगानंतर ते काढून टाकण्यात आलं. म्हणजे नोगुचींचं नेपथ्य पवित्र मानून हात न लावणं ही परंपरा खुद्द ग्रॅहमबाईंनीच पाळलेली नव्हती. हा मुद्दा मला या सगळ्या प्रकरणात फार वजनाचा वाटतो.

तातडीनं प्रतिकृती करणं. पूर ते पडदा यात पावणेचार महिन्यांहून कमी वेळ. फोटो आणि मापं असली तरी लाकूड कसं कोरलं होतं, दोरी किती जाड आणि किती जड होती, बेचकीच्या कोणत्या बाजूला हात घसरतो, हे वस्तूच्याच अंगात असतं. पुन्हा, घाईत केलेली नोगुचींची नक्कल ही नोगुचींचीच राहते का?

तेच नृत्य नेपथ्याशिवाय जसंच्या तसं करणं. वरवर प्रामाणिक दिसते ही वाट, पण मला ती सगळ्यांत फसवी वाटते. नर्तकी जमिनीवर नसलेल्या दोरीवर पाय टाकणार, नसलेल्या बेचकीत नसलेली दोरी विणणार. मूकाभिनयाच्या जवळ गेलेलं हे नृत्य प्रेक्षकाला सारखं सांगत राहणार की इथे काहीतरी होतं, ते हरवलं. दर प्रयोगाला शोकसभा.

आणि शेवटची वाट: नव्या डोळ्यांना बोलावणं, या रचनेतून वस्तू वजा केल्यावर काय उरतं ते शोधायला सांगणं.

काय केलं

कलासंचालिकेनं ‘एरंड’साठी ही शेवटची वाट धरली. ग्रॅहमबाईंच्या कंपनीत त्या स्वतः नाचलेल्या होत्या. रचना त्यांना आतून माहीत होती. नव्यानं पाहण्याचं काम मात्र त्यांनी बाहेरच्या माणसाकडे दिलं, इटालियन नृत्यदिग्दर्शक लुका वेजेत्ती यांच्याकडे. ही विभागणी शहाणपणाची होती. घरच्या माणसाला प्रत्येक हालचालीमागे हरवलेली वस्तू दिसत राहते, बाहेरच्याला नुसती हालचाल दिसते.

मेनोत्तींचं संगीत तेच राहिलं. बाई आणि भीतीचा प्राणी यांची तीन गाठींची रचना राहिली. दोरी, बेचकी आणि मूळ पोशाख गेले.

दुसरा निर्णय नावाचा. नव्या आवृत्तीला ‘एरंड इंटू द मेझ’ म्हटलं नाही. फक्त ‘एरंड’ म्हटलं. भुलभुलैया नावातूनही काढला. बारीक गोष्ट आहे, पण दोन ओळींच्या या निर्णयानं बरंच साधलं. जुनी रचना पाहायला आलेल्याला फसवलं गेल्यासारखं वाटणार नव्हतं. उद्या मूळ नेपथ्य पुन्हा उभं राहिलं तर त्याचं नाव त्याच्यासाठी शिल्लक होतं. संगीत नाटकातली पदं काढून प्रयोग करणाऱ्या आपल्या मंडळींनी जाहिरातीत मूळ नावाखाली एखादा शब्द जरी वेगळा छापला असता तर किती भांडणं टळली असती, असं मला नेहमी वाटतं.

तिसरा निर्णय प्रमाणाचा. सगळ्याच नृत्यांना हा उपाय लावला नाही. त्याच हंगामात ‘केव्ह ऑफ द हार्ट’, ‘नाईट जर्नी’ आणि १९६२ची ‘फेड्रा’ कार्यक्रमात होत्या. (‘फेड्रा’वर १९६३मध्ये अमेरिकी संसदेतल्या दोन सदस्यांनी अश्लीलतेचा ठपका ठेवला होता. सरकारी खर्चानं परदेशी पाठवलेलं नृत्य आणि त्यात सावत्र मुलावर जीव जडलेली राणी, हे त्यांना सोसवलं नाही.) म्हणजे वस्तूंशिवाय चालेल असं नृत्य नीट पारखून एकच निवडलं होतं. मीडियाला तारांशिवाय मंचावर आणणं म्हणजे तिचा रथ काढून घेणं. ॲरिॲड्नीचं तसं नव्हतं, कारण तिचा भुलभुलैया मुळात कुठे आहे हा प्रश्नच होता.

२०१३च्या फेब्रुवारीत मॅनहॅटनमधल्या जॉइस थिएटरमध्ये हंगाम सुरू झाला. अंधारात गेलेल्या भागातच ते नाट्यगृह आहे.

काय साधलं, काय गेलं

साधलं ते असं. मूळ रचनेत बाईची पहिलीच हालचाल पोटातून येते: धड पुन्हा पुन्हा आत खेचलं जातं, झटके बसल्यासारखं. जमिनीवर दोरी असते तेव्हा डोळा दोरीकडे जातो. दोरी नाही म्हटल्यावर डोळ्याला जायला दुसरी जागा नसते, तो पोटावर खिळतो. मग जाणवतं की वळणं जमिनीवर नव्हतीच, ती आतड्यात होती. कॉन्ट्रॅक्शन हेच भुलभुलैयाचं दार. १९४७मध्ये हे ग्रॅहमबाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. मनोविश्लेषणाचा त्यांना जवळून परिचय होता आणि पुराणकथांचे अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांच्या पत्नी जीन अर्डमन त्यांच्या कंपनीत नाचलेल्या होत्या. कथा मनाच्या आत घडते हे त्यांच्या गृहीतातच होतं. वस्तू गेल्यावर ते गृहीत उघडं पडलं, एवढंच.

गेलं तेही तितकंच खरं. मूळ रचनेत दार आधी बंद होतं, मग उघडतं. बाई स्वतः विणते, स्वतः सोडवते. हातांचं ते काम फार घरगुती आहे. सूत गुंतणं आणि सोडवणं घराघरात चालतं. भीतीवरचा विजय तिथे तलवारीनं मिळत नाही, गाठ सोडवून मिळतो. नुसत्या शरीरांच्या आवृत्तीत प्राणी पडतो तिथे विजय होतो, आणि मग विजय झटापटीचा वाटायला लागतो. थीसियसला दारातून हाकलला होता, तो खिडकीतून थोडासा आत येतो. माझ्या मते ही या निर्णयाची सर्वांत मोठी किंमत होती.

नवी आवृत्ती एका हंगामापुरती राहिली नाही. पुढची काही वर्षं संस्था ती दौऱ्यांवरही नेत राहिली. त्यामागे व्यवहारही आहे: दोन नर्तक, सामान नाही, विमानाच्या भाड्यात बसणारी पुराणकथा. १९५५-५६मध्ये ही कंपनी अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर आशियात फिरली, भारतातही आली, तेव्हा पेट्यांचा डोंगर सोबत असे.

वेगळं काय करता आलं असतं

सामानाची जागा हा पहिला मुद्दा आणि त्यावर फार बोलण्यासारखं नाही. नदीकाठच्या तळघरात जे ठेवायचं ते भिजणार असं धरूनच ठेवायचं. कपडे वर, धातू वर, आणि खाली फक्त तेच ज्याची प्रतिकृती करता येते. सगळं एका जागी नको, ही तर कोणत्याही भांडारपालाची पहिली शिकवण.

दुसरा मुद्दा नोंदींचा. नृत्यसंस्था हालचाली जपायला धडपडतात, कारण त्या विरून जातात. वस्तू टिकतील असं धरून चालतात. इथे उलट झालं. हालचाली जिवंत शरीरांत राहिल्या, लाकूड भिजलं. आणि नेमक्या याच काळात संस्थेचं दुसरं एक काम चालू होतं. ‘इम्पीरियल जेश्चर’ हे १९३५चं एकल नृत्य कुणाच्याच अंगात उरलं नव्हतं, ते बार्बरा मॉर्गन यांच्या छायाचित्रांवरून पुन्हा रचलं गेलं. एका बाजूला फोटो आहेत पण नृत्य नाही, दुसऱ्या बाजूला नृत्य आहे पण नेपथ्य नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की नोंदी कशाच्या ठेवायच्या ते कळतं: वस्तू आणि शरीर जिथे एकमेकांना टेकतात त्या जागांच्या. दोरी किती जाड होती हे मापपट्टी सांगते. बाईनं ती कोणत्या हातानं ओढली की ताण बसतो, बेचकीच्या कोणत्या खाचेत आधी अडकवली, शेवटी सुटताना कोणती वीण आधी सुटते, हे फक्त ती भूमिका केलेल्या नर्तकी सांगू शकतात. त्यांच्या तोंडून हे वस्तू समोर असताना, हात लावत, कॅमेऱ्यापुढे वदवून घ्यायला हवं. २०२०मध्ये संस्थेचा दस्तऐवज आणि चित्रफितींचा संग्रह न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या नाट्य-नृत्य विभागाकडे गेला हे उत्तमच झालं, पण कपाटातल्या फितीत हात किती जोरानं ओढतो ते येत नाही.

तिसरा मुद्दा असा की, वेळ मिळाला असता तर मला आणखी एक वाट पाहायला आवडली असती: दोरी नव्यानं आणायची, पण नोगुचींची नक्कल न करता. बाजारातली साधी दोरी, साधी वळणं, बेचकी नाही. म्हणजे विणायला आणि सोडवायला काहीतरी हातात राहिलं असतं. कदाचित तालमीत हे करून पाहून सोडूनही दिलं असेल. साधी दोरी मंचावर कधीकधी फार केविलवाणी दिसते.

आणि एक प्रश्न अशा प्रत्येक संस्थेपुढे पुढेमागे येतोच. नेपथ्य दुरुस्त होऊन किंवा नव्यानं घडून परत उभं राहिलं की कोणती आवृत्ती करायची? मूळ केली तर उघड्या पोटावर खिळलेला डोळा परत दोरीकडे वळणार. नवी केली तर शेवटची वीण सुटायची राहणार. एकाच संध्याकाळी, मध्यंतराआधी एक आणि नंतर एक, अशा दोन्ही दाखवता येतील. पंधरा-पंधरा मिनिटांचीच गोष्ट आहे. मात्र त्या रात्री दोन वेगळ्या नर्तकी लागतील, कारण दोरीची सवय झालेले पाय दोरीशिवाय नाचायला लगेच तयार होत नाहीत.